रानजायफळाचा चीक

जालन्याच्या मस्तगड भागात नळाला पाणी आलं की शीतलच्या घरात कुणी कुणाशी बोलत नसे. आधी प्यायचं भरायचं, मग वापरायचं, आणि नळ चालू आहे तोवर साचलेलं धुणं उरकायचं. त्या दिवशीही तीच घाई होती. तिचा नवरा आदिनाथ आदल्या संध्याकाळी कोकणातून आला होता आणि त्याची सॅक दारामागे तशीच पडली होती. शीतलनं ती मोरीत नेऊन उलटी केली. चिखलानं कडक झालेल्या पँटी, मोजे, टॉवेल, आणि सगळ्यात खाली काळ्या पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट गाठ मारून कोंबलेला एक शर्ट.

चौकड्यांचा तो शर्ट तिनंच दिवाळीला घेतला होता. छातीपासून खालच्या शिवणीपर्यंत त्यावर तांबूस-काळे डाग होते आणि उजवी बाही तर वाळून ताठ झाली होती. तिनं मगभर पाणी ओतलं. फरशीवरून लाल ओघळ वाहत गेला.

शीतल एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचं, हेच तिचं काम. रक्ताला ती भीत नसे. पण आपल्याच मोरीत ते वाहताना पाहून तिचा हात थांबला.

"अहो," तिनं हाक मारली, "हे काय हाये?"

आदिनाथ डोकं पुसत मोरीच्या दारात आला. शर्ट पाहून त्याचा टॉवेल डोक्यावरच थांबला.

"चीक हाये झाडाचा. रानजायफळाचा. लाल असतो तो."

"एवढा?"

"फांदी तुटली की वाहतो. तू धूत बसू नको, निघत न्हाई. फेकून दे."

एवढं बोलून तो आत गेला. शीतलला खटकलं ते हे, की तो एवढंच बोलला.

आदिनाथ जालन्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, तासिका तत्त्वावर. मंठ्याकडच्या शेतकरी घरातला पोरगा. ज्वारी, कापूस आणि बाभळी बघत वाढलेला. त्याला वर्षभरापूर्वी कोकणातल्या दोडामार्गाकडच्या जंगलात रानजायफळाच्या झाडांची पाहणी करायचं काम मिळालं, तेव्हापासून तो वेडा झाल्यासारखा झाला होता. प्रत्येक फेरीनंतर तो शीतलला जेवू देत नसे, इतकं सांगत बसे. आपण लाडवात टाकतो ते जायफळ दूरच्या बेटांवरून आलेलं, पण त्याचे भाऊबंद आपल्याच घाटात, पाण्यात पाय सोडून उभे आहेत. जमीन बारा महिने चिखलाची, म्हणून मुळं श्वास घ्यायला माणसाच्या गुडघ्यासारखी वर येतात. दुपारी बारा वाजता आत अंधार. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि फुलं बघितल्याशिवाय कुणाला ओळखू येत नाही. फुलं तर इवलीशी, आणि शेंड्याकडं. म्हणून चढावं लागतं.

असा माणूस लाल चिकाचं झाड बघून येतो आणि दोन वाक्यांत विषय संपवतो, हे शीतलला पटेना. तिनं शर्ट फेकला नाही. वाळवून, घडी करून धान्याच्या कोठीमागे ठेवला.

दुपारी जेवताना तिनं विचारलं, "हरिओम भाऊजी पोहोचले का अंकुशनगरला?"

हरिओम आदिनाथचा कॉलेजपासूनचा दोस्त. झाडावर चढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून आदिनाथनं त्याला मदतनीस म्हणून सोबत घेतलं होतं. प्रत्येक वेळी दोघं बरोबर जात आणि बरोबर येत.

"तो राह्यलाय तिथंच," आदिनाथ ताटाकडं बघत म्हणाला. "थोडं काम राह्यलं होतं."

"एकटेच?"

"गावातले लोक हायेत ना सोबत. भाजी वाढ."

तिनं वाढलेली भाजी त्यानं तशीच ठेवली.

मंगळवारी अर्पिता आली. अर्पिता म्हणजे हरिओमची बायको. सातवा महिना संपत आला होता आणि बाळंतपणासाठी ती अंकुशनगरला आईकडं राहत होती. तिचे वडील साखर कारखान्यात होते. तपासणीला जालन्याला आली की रक्त-लघवी शीतलच्या लॅबमध्ये द्यायची आणि परतीच्या एस.टी.आधी शीतलच्या घरी टेकायचं, हा तिचा नेम होता. गेल्या वर्षी तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. त्या दिवसांत शीतलच तिच्या उशाशी बसली होती.

"आदिनाथ भाऊजी आले, आन् हे मात्र न्हाई आले," खुर्चीत पाय वर घेऊन बसत अर्पिता म्हणाली. "फोन लावते तं उचलत न्हाईत. निसते मेसेज करतात. म्हणे रेंज न्हाई. मेसेजपुरती बराबर येते का गं रेंज?"

"जंगलात असं होतं म्हणतात," शीतल म्हणाली.

"बघ की." अर्पितानं मोबाईल पुढं केला. "हे लिहिणं बघ."

शीतलनं वाचलं. 'मी ठीक आहे. काम वाढले आहे. तू काळजी करू नये. गोळ्या वेळेवर घ्याव्यात.'

"आजवर ह्यांनी मला असं लिहिलं न्हाई," अर्पिता हसत म्हणाली. "ह्यांचं म्हणजे, जेवली का, हां, ठेवतो. टिंब कुठं द्यायचं हे बी माहीत न्हाई त्यांना. आता एकदम मास्तरसारखे घ्याव्यात, करू नये. तिकडच्या हवेनं सुधारले जनू."

शीतलही हसली. पण मोबाईल परत देण्याआधी तिनं तो मेसेज पुन्हा एकदा वाचला. असं लिहिणारा एक माणूस तिला चांगला माहीत होता. आदिनाथ किराणा आणायला सांगतानाही शेवटी पूर्णविराम द्यायचा.

चहा करताना तिनं साखर दोनदा टाकली. अर्पितानं तो गोडमिट्ट चहा काही न बोलता पिऊन टाकला आणि स्टँडवर गेली.

दुसऱ्या दिवशी शीतलनं शर्टाच्या खालच्या शिवणीजवळचा बोटभर तुकडा कात्रीनं कापला आणि रुमालात बांधून लॅबमध्ये नेला. लॅब डॉक्टर श्रद्धा यांची होती. दुपारी त्या दुसऱ्या दवाखान्यात जात. तेव्हा लॅबमध्ये शीतल एकटीच असे. पोटात कुठं रक्तस्राव आहे का हे कळायला मळाची एक तपासणी करतात. कार्डावर नमुना लावायचा, वरून द्रावणाचे थेंब टाकायचे, रक्त असेल तर कार्ड निळं होतं. शीतलनं अशी कार्डं कितीतरी लावली होती. तिनं तुकडा सलाईनमध्ये भिजवला, पिळला, थेंब कार्डावर लावला आणि द्रावण सोडलं.

कार्ड निळं झालं. आधी कडेनं, मग मधोमध.

तिनं दुसरं कार्ड लावलं. तेही निळं झालं. दोन्ही कार्डं तिनं दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली, हात धुतले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्या माणसाला सुई टोचताना तिला पहिल्यांदाच शीर सापडेना.

तेव्हापासून तिला घरातलं प्रत्येक काम, प्रत्येक आवाज वेगळा वाटायला लागला. आदिनाथ बोलता बोलता गप्प व्हायचा. फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचा. एकदा तिला ऐकू आलं, "तिला काहीच कळू देऊ नका, बिलकुल." ती आत आली तर म्हणाला, कॉलेजातलं राजकारण. झोप त्याला लागत नव्हती. संध्याकाळी तो सहाणेवर जायफळ उगाळायचा आणि दुधातून घ्यायचा. एके दिवशी त्यानं तिच्यासाठीही पेला भरून आणला.

"तूबी घे. तुलाबी कुठं झोप लागून राह्यली."

शीतलनं पेला हातात घेतला. वास नेहमीचा होता, तिच्या आईच्या घरातला. पण किती उगाळलंय, आणि त्यात आणखी काय आहे, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली तरी तिनं दूध प्यायलं नाही. मोरीत जाऊन ते ओतलं आणि वरून तांब्याभर पाणी सोडलं. आदिनाथ बाहेर कपाळाला हात लावून बसला होता. सात वर्षांच्या संसारात या माणसानं तिच्यावर आवाजही चढवला नव्हता. पण जंगलात, दुपारी बाराच्या अंधारात, दोन दोस्तांत काय होऊ शकतं हे तिला काय माहीत? भांडण झालं असेल. धक्का लागला असेल. कोयता तर दोघांकडंही असतो.

त्या आठवड्यात आदिनाथ एका सहकाऱ्याच्या गाडीवर कॉलेजात जायला लागला म्हणून स्कूटर शीतलकडं होती. लॅबला निघताना डबा ठेवायला तिनं सीट उघडली, तर डिक्कीतल्या फडक्याखाली काहीतरी थरथरत होतं. तिनं फडकं बाजूला केलं. एक मोबाईल. काचेला आरपार तडा. त्या तड्यामागे अर्पिताचा नऊवारीतला फोटो आणि नाव. फोन वाजत होता, आवाज बंद होता.

शीतल तो संपेपर्यंत बघत राहिली. मग फडकं होतं तसं टाकलं आणि सीट खाली केली. रस्त्यात तिच्या मागून दोनदा हॉर्न वाजला.

शनिवारी अर्पिता परत आली. यावेळी तपासणी नव्हती. ती मुद्दाम आली होती, एकटी, भर उन्हात.

"शीतल, मला बराबर वाटून राह्यलं न्हाई," ती दारातच म्हणाली. "मी त्यांना विचारलं, आपल्या लग्नात घोडं कुठून आणलं होतं सांगा. उत्तर आलं, 'सध्या घाईत आहे.' घोडं नव्हतंच आमच्या लग्नात. ट्रॅक्टर होतं. हे असते तं म्हणले असते, कुठलं घोडं गं येडे."

शीतलनं तिला आत घेऊन खुर्ची पुढं केली.

"त्यांचा फोन दुसऱ्याकडं हाये. मी पोलिसात जाते. तू चल माझ्यासंगं. भाऊजींना बी विचारतील ते, शेवटचं कुठं सोडलं, काय. विचारू दे, त्यात काय."

शीतलच्या डोळ्यांपुढं कोठीमागची घडी आली. पोलीस घरात येतील, कोठी सरकवतील.

"दोन दिवस थांब," ती म्हणाली. "हे आज बोलतील तिकडच्या लोकांशी. तुझी अशी अवस्था, कुठं ठाण्याच्या पायऱ्या चढतेस? मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना?"

अर्पितानं तिच्याकडं पाहिलं. मग पोटावर हात ठेवून हळूच मान हलवली. "तू म्हणतेस तं थांबते."

शीतलनं तिच्यासाठी मोसंबीचा रस काढला. अर्पितानं तो पिताना डोळे पुसले, आणि शीतलनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला शांत करायला फिरवला, की तिनं लवकर उठून जावं म्हणून, हे शीतलला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदिनाथ जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून वाळवलेली पानं लावत बसला होता. शीतल खाली जाऊन आली आणि तिनं तडा गेलेला फोन त्या पानांवर ठेवला.

"डिक्कीत होता."

त्यानं फोनकडं पाहिलं आणि खांदे पाडले. चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट सुटल्यासारखं काहीतरी होतं. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"अर्पिताला मेसेज तुम्ही करून राह्यलात."

"हो."

"भाऊजी कुठं हायेत?"

"गोव्यात. दवाखान्यात."

"जिवंत?"

"म्हणजे?"

"जिवंत हायेत का, एवढंच विचारून राह्यले मी."

ती काय विचारते आहे हे कळायला आदिनाथला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याच्या हातातलं पान मोडलं.

"शीतल, तुला वाटलं मी..."

"आधी दाखवा," ती म्हणाली. "मंग बोला."

त्यानं आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. समोर कडूबा आला, हरिओमचा थोरला भाऊ. मागं दवाखान्याची हिरवी भिंत. आदिनाथ म्हणाला, "जरा हरिओमला दाखवा." फोन हलला, खाट दिसली. खाटेवर हरिओम होता. डोक्याचे केस काढलेले, डावा हात गळ्यात, तोंड सुजलेलं आणि दातांना वरपासून खालपर्यंत तारा. शीतलला पाहून त्यानं उजवा हात उचलला. मग पोटासमोर हातानं गोल आकार केला आणि भुवया उंचावल्या. ती कशी आहे, असं तो विचारत होता.

"बरी हाये," शीतल म्हणाली. फोन आदिनाथकडं देऊन ती भिंतीला टेकून खाली बसली.

मग आदिनाथनं सगळं सांगितलं. त्या दलदलीत एक उंच झाड होतं, नर की मादी ते कळत नव्हतं. दोर खाली तंबूत राहिला होता. हरिओम म्हणाला, दोर घेऊन येतो. आदिनाथला निघायची घाई होती. तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम हाये, चढ जल्दी. हरिओम चढला. वरची फांदी तुटली आणि तो फांदीसकट गुडघ्यांसारख्या त्या मुळांवर तोंडघशी पडला. डोकं फुटलं, जबडा मोडला, खांदा मोडला. गावातल्या चौघांनी झोळी करून रस्त्यापर्यंत आणला. तिथून गोवाच जवळ, म्हणून तिकडच्या दवाखान्यात नेला.

"मला उंचीची भीती वाटते, हे तुला माहीत हाये. म्हणून मी नेहमी त्यालाच चढवतो. दोर आणायला पाठवलं असतं तं काही झालं नसतं. हे मला कुणापुढं बोलता येईना. शुद्धीवर आल्यावर त्यानंच खुणेनं सांगितलं, अर्पिताला कळू देऊ नको. मागच्या बारीला तिच्या बापाला अपघात झाल्याचं ऐकलं आन् दुसऱ्या दिवशी तिचं बाळ गेलं. दाताला तारा, बोलता येत न्हाई, आन् तेव्हा स्क्रीनकडं बघवतबी नव्हतं, मंग फोन माझ्याकडं दिला. मलाबी ते सोयीचं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं मला."

"आन् शर्ट?"

"दोन्ही हाये त्याच्यावर. तुटलेल्या फांदीचा चीक गळून राह्यला होता, आन् मी त्याला उचलला. पुढं चीक हाये. बाहीवर त्याचं डोकं होतं."

शीतलनं तुकडा पुढचाच, खालच्या शिवणीजवळचा कापला होता, आणि कार्ड निळं झालं होतं. ते तिनं त्याला तेव्हा सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "कपडे करा. अंकुशनगरला जायचंय."

"तिचं पोट, शीतल..."

"ती काल पोलिसात निघाली होती. आणखी किती भ्यायची राह्यली ती?"

अंबडवरून पुढची गाडी उशिरा मिळाली. उसाच्या ट्रॉल्यांमागून ती रेंगाळत गेली. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये पोहोचले तेव्हा अर्पिता ओसरीवर पाय पसरून बसली होती. आई, नंदाबाई, शेंगा निवडत होती. दोघांना एकत्र आलेलं पाहून अर्पिताचा चेहरा पांढरा पडला.

"जिवंत हायेत," शीतल अंगणातूनच म्हणाली. "आधी हे ऐक. जिवंत हायेत, बोलता येत न्हाई एवढंच."

आदिनाथनं जमिनीवर बसून सगळं सांगितलं. दोराचंही सांगितलं. नंदाबाईनं तोंडाला पदर लावला. अर्पिता रडली नाही. म्हणाली, "लावा त्यांना."

खाटेवरचा हरिओम दिसल्यावर ती बराच वेळ बघत राहिली. त्यानं हात हलवायला सुरुवात केली तशी ती म्हणाली, "खुणा करू नका. तुम्हाला बोलता येत न्हाई तं निसतं ऐका. मी काय काचेची हाये का? मेले का जगले म्हणून मी रोज देवापुढं बसू, आन् तुम्ही तिकडं पडून माझी काळजी करा. घरी या, मंग बघते." मग आवाज खाली आणून, "दुखतंय का लई?" पलीकडून मान हलली. त्यावर मात्र तिचे डोळे भरले.

फोन ठेवल्यावर तिनं शीतलकडं पाहिलं.

"तुला आज कळलं?"

"आजच कळलं तिला," आदिनाथ मधेच म्हणाला.

हो म्हणून टाकलं असतं तर निभावलं असतं. आदिनाथनं वाट करून दिली होती. शीतलला ती वाट घेता आली नाही.

"खरं काय ते आज कळलं. पण शर्टावर रक्त हाये हे मला ते आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दिसलं. मी लॅबमध्ये तपासलं. भाऊजींचा फोनबी मी पाहिला होता, डिक्कीत."

"कधी?"

"तू शनिवारी आल्तीस त्याच्या आधी."

ओसरीवर नंदाबाईच्या सुपातल्या शेंगांचा आवाज थांबला.

"म्हणजे तुला वाटत होतं हे मेले. भाऊजींनीच मारलं, असं वाटत होतं. आन् मी पोलिसात जाते म्हणले तं तू मला थांब म्हणलीस. रस काढून दिलास."

"तुझ्या तब्येतीकडं बघून..."

"माझ्या पोटाचं नाव सगळ्यांनीच पुढं केलं. ह्यांनी केलं, भाऊजींनी केलं, तूबी केलंस. मला कुणी विचारलं न्हाई." ती भिंतीला धरून उठली. "आई, ह्यांना चहा दे. मी जरा पडते."

चहा आला. दोघांनी तो घेतला आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून निघाले.

नंतर एकदा शीतलनं डॉक्टर श्रद्धांना आडून विचारलं, की त्या कार्डावर झाडाचा चीक लावला तर काय होईल.

"निळं होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "तू रोज पेशंटला सांगतेस ना, तपासणीआधी तीन दिवस मुळा खाऊ नका? ते कशाला सांगतेस मग? त्या कार्डाला रक्त ओळखता येत नाही. रक्तात असतं तसं काही झाडाच्या रसात असलं तरी ते निळंच होतं. का गं?"

"काही न्हाई, सहज," शीतल म्हणाली. म्हणजे शिवणीवर चीकच असेल. किंवा रक्तही असेल. शर्ट तिनं अंकुशनगरहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी जाळून टाकला होता, त्यामुळे पुन्हा बघायचं काही उरलं नव्हतं.

आदिनाथ तिला कधी टाकून बोलला नाही. पण तो बदलला. आता घरी येताना कुठं थांबला, कोण भेटलं, काय बोललं, सगळं सांगायचा, विचारलं नसतानाही. शीतल ऐकून घ्यायची. ऐकताना कधीकधी तिच्या लक्षात यायचं की आपण मनातल्या मनात त्याच्या वेळा जुळवतोय. ते थांबवायचा ती प्रयत्न करायची. पुढच्या पाहणीला तो दोन नवी माणसं आणि दोन दोर घेऊन गेला. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, "तुला यायचंय का? बघशील तरी." ती म्हणाली, "रजा न्हाई." रजा होती.

अर्पिताला दिवस भरून मुलगी झाली. हरिओम त्याआधीच घरी आला होता. खांदा थोडा खाली राहिला, बोलणं थोडं बोबडं झालं, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. बारशाचं आवतण त्यानं स्वतः फोन करून दिलं, "दोघांनीबी यायचं, काही ऐकणार न्हाई."

बारशाला अंगणभर बाया होत्या. हरिओमनं आदिनाथला मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं. दोघं हसले, मग आदिनाथ चष्मा पुसायला लागला. अर्पिता त्याच्या पाया पडली, म्हणाली, "भाऊजी, तुम्ही उचलून आणलं म्हणून आज हे इथं हायेत." पाळण्याजवळ बायका एकेक करून मुलीला मांडीवर घेत होत्या. शीतलची पाळी आली तेव्हा नंदाबाईनं बाळ पुढं केलं. तेवढ्यात अर्पितानं ते हलक्या हातानं स्वतःकडं घेतलं. म्हणाली, "हिची दुधाची वेळ झाली." मुलगी शांत होती, डोळे उघडे ठेवून पाळण्याचं फिरणारं चिमण्यांचं खेळणं बघत होती.

नंतर अर्पितानं शीतलला हळदीकुंकू लावलं, ओटीत खण आणि नारळ घातला. सगळं रीतसर. कमी काही केलं नाही.

"या शीतलवहिनी, जेवून जा तुम्ही," ती म्हणाली आणि पुढच्या बाईकडं वळली.

शीतल पंगतीत बसली. बाजूच्या बाईनं विचारलं, तुम्ही कोणाकडच्या? ती म्हणाली, हरिओम भाऊजींच्या दोस्ताच्या घरच्या. परतताना गाडीत गर्दी नव्हती. आदिनाथ खिडकीशी बसला आणि नारळाची पिशवी त्यानं मांडीवर घेतली.

"बोलली का अर्पिता?" त्यानं विचारलं.

"बोलली की," शीतल म्हणाली. "जेवून जा म्हणाली."